सासरे म्हणतात जेन्नर डॉक्टरच नव्हता, मग बाळाला गोवराची लस द्यायची का?

या वेळी एकच पत्र घेतलंय, उत्तर लांबणार आहे आणि घाईचंही आहे. पत्र थोडक्यात असं:

"माई, माझा मुलगा परवा नऊ महिन्यांचा झाला. आतापर्यंतच्या सगळ्या लसी वेळेवर झाल्या, आता गोवर-रुबेलाची आहे आणि तिथेच अडलंय. सासरे रिटायर्ड शिक्षक आहेत, घरात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांना त्यांच्या जुन्या मित्रांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आला, की लस शोधणारा जेन्नर खरा डॉक्टरच नव्हता, त्याने डिग्री पैसे भरून घेतली, माळ्याच्या आठ वर्षांच्या पोरावर प्रयोग केला आणि त्याला मुद्दाम देवीचा रोग टोचला, रॉयल सोसायटीने त्याचा पेपर परत पाठवला, आणि स्वतःच्या मुलांना मात्र त्याने लस टोचली नाही. बाबा म्हणतात ज्याची सुरुवातच अशी, ते माझ्या नातवाच्या अंगात नको. मिस्टर म्हणतात बाबांना दुखवू नको, दोन-तीन महिने थांबू. आशाताई दोनदा येऊन गेल्या. घरात आजेसासूबाईपण आहेत, नव्वदीच्या, त्या यावर काही बोलत नाहीत. हे सगळं खरं आहे का? खरं असेल तर बाबांना काय सांगू? मुलगी समजून सांगा."

मुलगी समजून सांगायला सांगितलंस म्हणून सरळ अगं-तुगं करते.

आधी घाईचं सांगते, कारण माझी सदतीस वर्षं नर्सिंगमध्ये गेली आणि त्यातली निम्मी लसीकरणाच्या टेबलावर. दोन-तीन महिने थांबू नकोस. गोवर-रुबेलाचा पहिला डोस ९ ते १२ महिन्यांत असतो आणि हा आकडा कुणी उगाच ठरवलेला नाही, बाळ पोटात असताना आईकडून त्याला जे संरक्षण मिळतं ते साधारण या वयापर्यंत ओसरत जातं, म्हणजे आत्ता तुझं बाळ जुनी छत्री मिटलेली आणि नवी उघडलेली नाही अशा जागी उभं आहे. गोवर म्हणजे नुसतं अंगावर लाल पुरळ नव्हे, न्युमोनिया होतो, कधी मेंदूवर जातो. २०२२ मध्ये मुंबईत गोवंडी आणि आसपासच्या भागात साथ आली होती ती आठव, लहान लहान पोरं गेली त्यात. म्हणून हे पत्र वाचून झालं की पुढच्या लसीकरणाच्या दिवसाची तारीख आशाताईंना विचारून ठेव, बाकीचं बोलणं त्या तारखेच्या आत करायचं.

आता फॉरवर्ड. बाबांना "फॉरवर्ड खोटा आहे" असं अजिबात म्हणू नकोस. कारण त्यातल्या बहुतेक गोष्टी खऱ्या आहेत, फक्त शेवटची खोटी आहे. ते शिक्षक आहेत, उद्या शोधून काढतील, त्यांना डिग्रीचं खरं निघालेलं दिसेल आणि मग तुझं पुढचं एकही वाक्य ते ऐकणार नाहीत. ज्याने कुणी हा मेसेज बनवला त्याने काही फार रचलेलं नाही, गोष्टीतली काही वाक्यं उचललीत आणि मागचापुढचा भाग कापून टाकलाय. तो कापलेला भाग तू बाबांना दे, तुझं काम तेवढंच.

डिग्रीचं पटकन संपवते. एडवर्ड जेन्नर १७४९ मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरच्या बर्कली नावाच्या गावात जन्मला, वडील तिथले पाद्री, तो पाच वर्षांचा असताना वारले. तेरा-चौदाव्या वर्षी एका सर्जनच्या हाताखाली लागला, तिथे सातेक वर्षं काढली, मग १७७० मध्ये लंडनला जॉन हंटर या त्या काळच्या फार मोठ्या सर्जनकडे दोन वर्षं शिकला आणि गावी येऊन प्रॅक्टिस सुरू केली. तेव्हा सर्जन असाच तयार व्हायचा, कॉलेजातून नाही. एमडी त्याने १७९२ मध्ये सेंट अँड्र्यूज विद्यापीठाकडून घेतली, दोन डॉक्टरांची शिफारस आणि फी देऊन, हो, हे खरं आहे, आणि त्या काळात तसं सर्रास चालायचं. पण तोवर तो वीस वर्षं पेशंट बघत होता, हे मेसेजमध्ये नाही. त्याच हंटरने त्याला एका पत्रात लिहिलेलं वाक्य मला फार आवडतं, विषय होता काटेरी साळूसारखा दिसणारा हेजहॉग थंडीत झोपतो कसा, आणि गुरू लिहितो की तुझं म्हणणं बरोबर वाटतं, पण नुसता विचार का करतोस, प्रयोग करून का बघत नाहीस. कोकिळेच्या जातीतला कुकू पक्षी, त्याचं नुकतं अंड्यातून निघालेलं पिल्लू दुसऱ्याच्या घरट्यातली अंडी पाठीवर घेऊन बाहेर ढकलतं, हे जेन्नरने घरट्यांशेजारी तासन् तास बसून पाहिलं आणि त्यावरच १७८९ मध्ये तो रॉयल सोसायटीचा, म्हणजे इंग्लंडमधल्या शास्त्रज्ञांच्या मोठ्या संस्थेचा, फेलो झाला. म्हणजे ज्या सोसायटीने पुढे त्याचा पेपर परत पाठवला त्या सोसायटीचा तो मेंबर होता. बाबांना हे आवडेल बघ, निरीक्षण करणारा विद्यार्थी शिक्षकाला आवडतोच.

आता त्या पोराकडे येते, बाबांच्या मनाला लागलंय ते तेच आणि लागायलाच हवं.

जेन्नरची गोष्ट माळ्याच्या मुलापासून सुरू होत नाही, ती आठ वर्षांच्या जेन्नरपासून सुरू होते. तेव्हा लस नव्हतीच. देवीपासून वाचायचा एकच उपाय होता, की देवी आलेल्या माणसाच्या फोडातला पू किंवा खपली घ्यायची आणि चांगल्या माणसाच्या दंडावर ओरखडा काढून त्यात घालायची. म्हणजे खरा देवीचाच रोग द्यायचा, पण हलका यावा या आशेने. तुर्कस्तानात ही पद्धत होती, लेडी मेरी माँटेग्यू नावाच्या बाईने ती तिथे बघून १७२१ च्या सुमारास इंग्लंडात आणली, आपल्याकडे बंगालातपण टीकादार हे काम करायचे. त्यात शंभरातले एक-दोन जण दगावायचे, आणि टोचलेल्या माणसाकडून शेजारच्यांना खरी देवी व्हायची ते वेगळंच. पण सरळ देवी आली तर शंभरातले वीस-तीस जायचे, म्हणून लोक हा जुगार खेळायचे. जेन्नर साधारण आठ वर्षांचा असताना शाळेत त्याला असं टोचलं. आधी काही आठवडे उपाशी ठेवलं, रक्त काढलं, जुलाब दिले, ही तेव्हाची "तयारी", आणि मग टोचून इतर मुलांबरोबर एका तबेल्यात ठेवलं, बरं होईपर्यंत. तो जगला. पण ते दिवस तो जन्मभर विसरला नाही, त्यानंतर कित्येक वर्षं त्याला धड झोप लागायची नाही असं सांगतात.

हे डोक्यात ठेवून १४ मे १७९६ कडे ये. गावातल्या गवळणींना गाईच्या सडावरचे फोड हाताला लागायचे, चार दिवस हात दुखायचा, आणि त्यांना पुढे देवी यायची नाही, हे त्या भागात सगळ्या शेतकऱ्यांना माहीत होतं. बेंजामिन जेस्टी नावाच्या डॉर्सेटच्या शेतकऱ्याने तर १७७४ मध्येच स्वतःच्या बायकोला आणि दोन मुलांना रफू करायच्या सुईने गाईचे फोड टोचले होते आणि गावाने त्याला शिव्या दिल्या होत्या. म्हणजे जेन्नर पहिला नाही, हे मेसेजवाल्याला माहीत असतं तर तेही टाकलं असतं. तर सारा नेल्म्स नावाची गवळण, तिच्या हाताला काटा लागून ओरखडा आलेला, त्यातून ब्लॉसम नावाच्या गाईचा आजार शिरलेला आणि हातावर फोड आलेला. जेन्नरने त्या फोडातलं पाणी घेऊन जेम्स फिप्सच्या दंडावर दोन छोटे ओरखडे काढून त्यात लावलं. जेम्स आठ वर्षांचा, जेन्नरच्या बागेत काम करणाऱ्या गरीब मजुराचा मुलगा. सातव्या दिवशी त्याची काख दुखली, नवव्या दिवशी थोडी थंडी वाजली, जेवण गेलं नाही, डोकं दुखलं, दहाव्या दिवशी पोरगं ठणठणीत. १ जुलैला जेन्नरने त्याला खऱ्या देवीचा पू टोचला, काही झालं नाही. काही महिन्यांनी परत टोचला, तेव्हाही काही नाही.

मेसेजमध्ये "मुद्दाम रोग टोचला" आहे ते हे. आणि त्यातून कापलेलं हे, की तो दुसरा टोचा त्या काळी कुठल्याही पोराला देतच होते, जेन्नरला स्वतःला दिला होता, पण उपाशी ठेवून आणि तबेल्यात कोंडून, आणि जेम्सला आधीच गाईचं संरक्षण देऊन. जेन्नर जे सोसला ते पुढच्या पोरांना सोसायला लागू नये म्हणूनच हा सगळा खटाटोप होता.

तरीसुद्धा बाबांना राग येतोय तो चुकीचा नाही असं मी म्हणेन, आणि तूही तसंच म्हण. त्या पोराला कुणी विचारलं असेल असं मला वाटत नाही, बाप मालकाला नाही म्हणू शकला असता का हेही दिसतंच आहे. आज अशा प्रयोगाला कुठलीही एथिक्स कमिटी परवानगी देणार नाही, देऊही नये. गरिबाचं पोर म्हणून त्याच्यावर, हा प्रश्न विचारणारा माणूस चांगला माणूस असतो. फक्त त्या प्रश्नाचा नातवाच्या डोसशी संबंध नाही, गोवर-रुबेलाची लस कोट्यवधी मुलांना देऊन झालेली आहे, आपलं बाळ जेम्स फिप्स नाहीये. आणि जेम्सचं पुढे काय झालं तेही सांग, जेन्नरने त्याला राहायला एक छोटं घर दिलं, त्याच्या अंगणात गुलाब लावले, आणि १८२३ मध्ये जेन्नर गेला तेव्हा त्याच्या अंत्ययात्रेत जेम्स होता.

रॉयल सोसायटीचं खरं आहे. १७९७ मध्ये त्याने पेपर पाठवला आणि पुरावा पुरेसा नाही म्हणून तो परत आला. मला विचारशील तर बरोबरच केलं त्यांनी, एका मुलावरून कसं म्हणायचं? पण मग जेन्नरने काय केलं ते बघ ना, तो रुसून बसला नाही, गाईंमध्ये ती साथ परत यायची वाट बघत थांबला, १७९८ च्या वसंतात ती आली, आणखी मुलांना टोचलं, एकाच्या दंडावरून दुसऱ्याच्या दंडावर असं, आणि तेवीस केसेस लिहून स्वतःच्या खर्चाने पुस्तक काढलं. त्या मुलांमध्ये त्याचा स्वतःचा अकरा महिन्यांचा रॉबर्ट होता. अकरा महिन्यांचा, म्हणजे तुझ्या बाळापेक्षा दोनच महिन्यांनी मोठा. त्याला ती लस लागू झाली नाही, फोड उठलाच नाही, आणि हेसुद्धा जेन्नरने लिहून ठेवलं, लपवलं नाही. मोठ्या मुलाला तर तान्हा असतानाच, १७८९ मध्ये, डुकरांना येणाऱ्या तसल्याच फोडांचं पाणी टोचून पाहिलं होतं. म्हणजे "स्वतःच्या मुलांना टोचली नाही" हे धादांत खोटं, मेसेजमधली ही एकच गोष्ट रचलेली आहे आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त बोचते, हे लक्षात घे.

चुका केल्या त्याने, त्याही सांग. एकदा टोचलं की जन्मभराचं काम झालं असं तो म्हणायचा, ते तसं नव्हतं, काही वर्षांनी परत टोचावं लागतं हे नंतर कळलं. गाईला हा आजार घोड्याच्या खुरातल्या रोगातून येतो असं तो म्हणायचा आणि लोक हसायचे, पण ते मात्र अगदीच चूक नव्हतं, आता जनुकं तपासल्यावर दिसतंय की पुढे लसीत वापरला गेलेला विषाणू घोड्याच्या देवीच्या फार जवळचा आहे. व्हायरस ही गोष्टच तेव्हा कुणाला माहीत नव्हती. गाईच्या आणि माणसाच्या देवीचे विषाणू एका घराण्यातले, सौम्य बहिणीची ओळख झालेलं शरीर क्रूर बहिणीला दारातच ओळखतं, हे कळायला पुढे शंभर वर्षं गेली. त्याने फक्त बघितलं, करून पाहिलं आणि सगळ्यांना सांगितलं. गुप्त ठेवून बक्कळ पैसा करता आला असता, त्याने बागेतल्या झोपडीत बसून गरिबांना फुकट टोचलं.

आता आपल्याकडचं, कारण बाबा म्हणतील की हे सगळं विलायतेचं. तर भारतातलं पहिलं लसीकरण आपल्या मुंबईत झालं, १४ जून १८०२ ला, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. त्याआधी दोऱ्यावर सुकवून जहाजाने पाठवलेली लस उष्णतेने वाटेतच मरून जायची. मग ती व्हिएन्नाहून कॉन्स्टँटिनोपलमार्गे बगदादला पोचली, तिथून दंडावरून दंडावर, माणसामाणसातून बसऱ्याला आणि बसऱ्याहून मुंबईला. ॲनाच्या दंडावरून पुढच्या आठवड्यात पाच मुलांना, आणि तिथून पुणे, सुरत, हैदराबाद, मद्रास. मी आयुष्यभर निळा व्हॅक्सिन कॅरिअर खांद्याला लावून वाड्यावस्त्यांवर फिरले, आत आइस पॅक, मध्ये व्हायल म्हणजे लसीच्या छोट्या बाटल्या, गोवराची व्हायल एकदा पाण्यात कालवली की चार तासांत संपवायची नाहीतर फेकायची, त्यामुळे मला नेहमी वाटतं की तेव्हाचा कॅरिअर म्हणजे एखाद्या पोराचा दंड होता. आपल्या भाषेत तर हे शब्दातच राहिलंय गं, जखमेतून येतं त्या चिकट पाण्याला आपण लस म्हणतो ना, "लस येतेय" म्हणतो, तोच शब्द आपण लसीला वापरतो, कारण त्या काळी ती खरंच फोडातली लस होती.

आणि आता तुझ्या घरातल्या त्या गप्प बसलेल्या बाईकडे वळते. आजेसासूबाई नव्वदीच्या म्हणजे १९३५ च्या आसपासच्या. त्यांचा दंड बघितलायस का कधी? आंघोळीला मदत करताना बघ, दंडावर नाहीतर मनगटाच्या वर रुपयाएवढा गोल, चमकदार, मधे खळगा पडलेला डाग असेल, देवीची लस टोचल्याचा, त्यालाच देवी काढणं म्हणायचे. "देवी काढल्या होत्या का हो?" एवढंच विचार. तो शब्द ऐकला की त्या बोलतील, मी पैजेवर सांगते, त्या वयाच्या एकाही बाईला मी हे विचारलं आणि ती गप्प राहिली असं झालं नाही. देवी काढणारा गावात आला की पोरं माळ्यावर लपवायचे, कणगीमागे लपवायचे, आणि ज्यांच्या घरची लपून राहिली त्यांच्यातलं कोण गेलं त्याची नावं त्यांना पाठ असतात. माझ्या आजीच्या सगळ्या चेहऱ्यावर देवीचे वण होते आणि एक डोळा गेलेला. लहानपणी मी तिच्या गालावरून बोट फिरवायचे आणि खड्डे मोजायचे, ती मोजू द्यायची. तिच्या पाठची दोन भावंडं त्याच साथीत गेली होती, त्यांचं ती क्वचितच बोलायची, पण माझ्या आईला टोचायला मात्र स्वतः कडेवर घेऊन तीन कोस चालत गेली होती. आजेसासूबाई बोलायला लागल्या की बाबांना तिथे बसव. स्वतःच्या आईचं ते ऐकतील, सुनेच्या तोंडून मेसेजचं खंडन ऐकण्यापेक्षा ते कितीतरी सोपं आहे त्यांना. भारतातला देवीचा शेवटचा पेशंट मे १९७५ मधला, आणि ८ मे १९८० ला जगातूनच देवी गेली असं जाहीर झालं. बाबा तेव्हा शाळेत किंवा कॉलेजात असतील, त्यांच्या दंडावरही तो डाग असणार.

मिस्टरांशी वेगळं बोल, आणि भांडून नाही. बाबांना न सांगता गुपचूप डोस देऊन ये असं तुला कुणीतरी सुचवेल, मी सुचवणार नाही, कळल्यावर पुढच्या डोसला आणखी कठीण होतं आणि हे एकाच डोसचं नाही, दुसरा १६ ते २४ महिन्यांत असतो. पण तारीख आली आणि बाबा तयार नसले तर मिस्टरांनी समोर बसून सांगायचं, बाबा, आम्ही आज जातोय. हे त्यांनी सांगायचं, तू नाही, त्यांच्या वडिलांना दुखवायची भीती त्यांची आहे, त्याचं ओझं तू घेऊ नकोस.

जमलं तर बाबांना सोबतच घेऊन जा आणि बाळाला त्यांच्या मांडीवर द्या. गोवर-रुबेलाची सुई उजव्या दंडाला, कातडीखाली असते, बारीक. त्यांना व्हायल बघायची असेल तर सिस्टरला सांग, दाखवते ती, मी रोज दाखवायचे, शिक्षक मंडळी एक्स्पायरी डेट वाचल्याशिवाय सोडायची नाहीत आणि मला ते आवडायचं. साधी सर्दी असेल तर डोस चुकवायची गरज नाही, जोराचा ताप असेल किंवा आधीच्या कुठल्या लसीने जास्त त्रास झाला असेल तर आधी डॉक्टरांना दाखव. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसा. आठवडा-दहा दिवसांनी थोडा ताप आला, अंगावर हलकं पुरळ दिसलं तर घाबरू नका, पण हे बाबांना आधीच सांगून ठेव, नाहीतर त्या दिवशी ते म्हणतील बघ मी सांगत होतो. ताप उतरला नाही किंवा बाळ मलूल वाटलं तर डॉक्टरांकडे जा.

काय झालं ते मला कळव, आणि आजेसासूबाईंनी काय सांगितलं तेही लिही, मला ऐकायचंय. त्यांना माझा नमस्कार.